घरच्या ध्वनिमुद्रणाला तंबोऱ्याची कसोटी

आमच्या प्रतिनिधीकडून

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जवारी लावण्याचे काम पाहणाऱ्याच्या एक गोष्ट चटकन लक्षात येते. कारागीर हातापेक्षा कानाने अधिक काम करीत असतो. घोडीच्या रुंद पृष्ठभागावर कानस हलकेच फिरवायची, तार छेडायची, थांबायचे आणि पुन्हा ऐकायचे. तारेखालचा सुताचा धागा केसभर पुढेमागे सरकला, तरी नादाचा रंग पालटतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात या कानाचा वाटा मोठा आहे.

हाच तंबोरा घरी आणून लॅपटॉपसमोर छेडला आणि रेकॉर्डचे बटण दाबले, तर पदरी काय पडते? पहिले दोन-तीन सेकंद तंबोरा ऐकू येतो आणि मग तो कुठेतरी बुडून जातो. गायकाने तोंड उघडले, की एकदम वर येतो, गायक थांबला की पुन्हा बुडतो. २०२० च्या टाळेबंदीत गाण्याच्या शिकवण्या संगणकावरून सुरू झाल्या, तेव्हा अनेक गुरुजनांनी हा अनुभव घेतला. दोष वाद्याचा नव्हता. संभाषणासाठी बनवलेल्या या यंत्रणांत गोंगाट कमी करणारी योजना बसवलेली असते. जो आवाज न बदलता अखंड चालू राहतो तो पंख्याचा किंवा यंत्राचा, असे ती धरून चालते आणि तो पुसून टाकते. तंबोऱ्याचे तर कामच अखंड चालू राहणे हे आहे. ज्या स्वराच्या आधाराने गवई उभा राहतो, त्यालाच ही योजना कचरा समजते.

घरी ध्वनिमुद्रण करू पाहणाऱ्यांना यूएसबी ऑडिओ इंटरफेस नावाच्या छोट्या डबीची गरज पडते ती इथे. सांगली, मिरज, सातारा, कऱ्हाड या पट्ट्यात गाणारी, वाजवणारी, भजन करणारी घरे पुष्कळ आहेत. त्यांपैकी अनेकांना घरातल्या वडीलधाऱ्यांचा आवाज जपून ठेवायचा असतो, कुणाला रियाजासाठी स्वतःच्या तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रण हवे असते. बाजारात दोन इनपुटची यंत्रे साधारण पाच हजारांपासून वीस हजार रुपयांपर्यंत मिळतात. प्रश्न यंत्र घेण्याचा कमी आणि घेतल्यानंतरचा अधिक आहे.

डबीत काय असते?

मायक्रोफोनमधून निघणारा विजेचा संदेश अतिशय क्षीण, जेमतेम काही मिलिव्होल्टचा असतो. डबीतील पहिला भाग, म्हणजे प्रीअॅम्प, त्याला मोठा करतो. किती मोठा करायचा हे ‘गेन’ या बटणाने ठरते. साठ डेसिबल गेन म्हणजे संदेश हजारपट वाढवणे होय. दुसरा भाग या संदेशाचे आकड्यांत रूपांतर करतो. सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा तो संदेशाचे माप घेतो आणि ही मापे यूएसबीच्या वायरीतून संगणकाकडे पाठवतो. तिसरा भाग उलटे काम करतो: संगणकातील आकड्यांचा पुन्हा आवाज करून हेडफोनपर्यंत पोहोचवतो. लॅपटॉपच्या पोटातही हे तिन्ही भाग असतातच. पण ते फोनवर बोलण्यापुरते, आणि तेही पंखा, बॅटरी व चुंबकीय गोंधळ यांच्या शेजारी दाटीवाटीने बसवलेले.

डबीवर ‘४८ व्ही’ असे लिहिलेले एक बटण असते. त्याला फँटम पॉवर म्हणतात. कंडेन्सर जातीच्या मायक्रोफोनला चालण्यासाठी ही वीज लागते आणि ती आवाजाच्याच वायरीतून वर जाते. सभा-समारंभात हातात धरला जातो तो डायनॅमिक मायक्रोफोन. त्याला तिची गरज नसते. जुना रिबन जातीचा मायक्रोफोन कुणाकडे असेल, तर मात्र हे बटण दाबण्यापूर्वी माहितगाराला विचारावे, कारण काही परिस्थितीत त्याला इजा होऊ शकते. मायक्रोफोन आधी जोडावा, हेडफोनचा आवाज कमी करावा, मग बटण दाबावे आणि काही सेकंद थांबावे. काढताना क्रम उलटा.

तंबोऱ्यासारख्या हळू आवाजाच्या वाद्यासाठी कंडेन्सर मायक्रोफोन घ्यावा, असे आमचे मत आहे. डायनॅमिक मायक्रोफोनने तंबोरा टिपायचा तर गेनचे बटण शेवटपर्यंत फिरवावे लागते आणि स्वस्त प्रीअॅम्पची खरी किंमत तिथे कळते. तंबोऱ्यामागे सतत एक ‘स्स्स’ ऐकू येते. खोक्यावर १९२ किलोहर्ट्झ छापलेले यंत्र घेण्यासाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा ते मायक्रोफोनवर आणि बऱ्या स्टँडवर खर्च करावेत. घरगुती कामाला ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट एवढे भरपूर झाले.

जोडणी, आणि एक कबुली

विंडोज संगणकावर उत्पादकाच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर आधी बसवावा आणि मग डबी जोडावी. मॅक आणि लिनक्सवर बहुतेक यंत्रे वेगळ्या ड्रायव्हरशिवाय ओळखली जातात. वायर थेट संगणकाच्या यूएसबी जागेत खुपसावी. एकाच्या चार करणाऱ्या हबमधून जोडल्यास, विशेषतः फँटम पॉवर चालू असताना, विजेचा पुरवठा अपुरा पडू शकतो. विंडोजमधील ध्वनीच्या सेटिंगमध्ये ‘एन्हान्समेंट’ नावाची सोय दिसली तर ती बंद करावी, नाहीतर वर सांगितलेली पुसापुशी मागच्या दाराने परत येते. ध्वनिमुद्रणासाठी ऑडासिटी हे विनामूल्य सॉफ्टवेअर २००० सालापासून उपलब्ध आहे आणि नवख्याला ते पुरते. एका मायक्रोफोनसाठी ट्रॅक ‘मोनो’ निवडावा. ‘स्टिरिओ’ निवडला तर आवाज एकाच कानात येतो आणि यंत्र बिघडले असा समज होतो.

यातील सर्वांत महत्त्वाची पायरी कोणती, हे प्रस्तुत प्रतिनिधीला फार महागात शिकावे लागले. सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी आत्यांच्या जात्यावरच्या ओव्या मुद्रित करायला बसलो होतो. डबी जोडली, दिवे लागले, आत्या गाऊ लागल्या की डबीवरचा हिरवा दिवा लुकलुके. तासभर त्या गायल्या. मधूनच थांबून एखादी ओवी कुणाकडून शिकल्या, तेही सांगितले. घरी येऊन ऐकले तर आत्या विहिरीच्या तळाशी बसून गात असाव्यात असा आवाज, त्यावर पंख्याची घरघर. डबी जोडली होती खरी, पण सॉफ्टवेअरमध्ये इनपुट म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा मायक्रोफोनच निवडलेला राहिला होता. तासभर चांगला मायक्रोफोन आत्यांच्या तोंडापुढे शोभेला उभा होता. पुढे परत जाऊ म्हणता म्हणता वर्ष गेले आणि आत्याही गेल्या.

ही चूक टाळण्याचा उपाय दहा सेकंदांचा आहे. रेकॉर्ड सुरू करून मायक्रोफोनच्या जाळीवर नखाने हलकेच खाजवावे, मग लॅपटॉपच्या कडेवर खाजवावे आणि ऐकावे. दुसरा आवाज मोठा आला, तर इनपुट चुकले आहे. हे केल्याशिवाय आता आम्ही कुणालाही गायला सांगत नाही.

गेन कुठे ठेवायचा?

डिजिटल ध्वनिमुद्रणात शून्य डेसिबल ही छताची रेषा आहे. आवाज तिच्यावर गेला, की लाटेचा माथा सपाट कापला जातो आणि कर्कश फाटका आवाज उरतो. तो मागाहून कोणत्याही उपायाने पुरता दुरुस्त होत नाही. कॅसेटच्या काळात वाढलेल्यांना आवाज शक्य तितका वर ठेवण्याची सवय असते, कारण कॅसेटची स्वतःची सळसळ झाकावी लागे. २४ बिट मुद्रणात ती गरज उरलेली नाही. सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असा गेन ठेवावा. मुद्रण किंचित हळू वाटले तरी चालते, ते नंतर वाढवता येते.

सर्वांत मोठा आवाज मात्र खरोखर मोठा काढून पाहायला हवा. ‘जरा बोलून बघा’ म्हटले की माणूस ‘हॅलो, वन टू थ्री’ असे पुटपुटतो आणि प्रत्यक्षात तार षड्जाला भिडला की मीटर लाल होतो. गायकाला त्याची सर्वांत चढी जागा आधीच गाऊन दाखवायला सांगावे. टाळाच्या बाबतीत तर मीटरवरही विसंबू नये. टाळेचा आघात इतका क्षणिक असतो, की डोळ्याला दिसेपर्यंत तो छताला आपटून गेलेला असतो.

गुणगुण आणि पंचम

आता तंबोऱ्याच्या कसोटीकडे वळू. डबी जोडून झाल्यावर गाणे मुद्रित करण्याआधी एक मिनिट शांतता आणि एक मिनिट तंबोरा मुद्रित करून हेडफोनवर ऐकावा. घरातील यच्चयावत दोष या दोन मिनिटांत उघडे पडतात.

त्यांतील सर्वांत फसवा दोष विजेच्या गुणगुणीचा. आपली घरातील वीज ५० हर्ट्झची. अर्थिंगमध्ये दोष असेल, किंवा वायर कच्ची असेल, तर ही गुणगुण आवाजात शिरते आणि ५० बरोबर तिच्या दुपटीत, म्हणजे १०० हर्ट्झवरही बोलते. पुरुष गायकाचा तंबोरा काळी एकमध्ये लावला असेल तर त्याचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा आणि खालचा पंचम त्याच्या पाऊणपट, म्हणजे १०४ हर्ट्झच्या जवळपास येतो. १०० आणि १०४ हर्ट्झचे स्वर एकत्र वाजले, की कानाला सेकंदाला चार वेळा डोलणारा आवाज ऐकू येतो. ऐकणाऱ्याला वाटते, पंचम उतरला. तो खुंटी पिळतो, मग मणी सरकवतो, तरी डोल जात नाही, आणि शेवटी बिचाऱ्या जवारीवर ठपका येतो. खोलीत हेडफोन काढून ऐकावे. तिथे पंचम स्थिर असेल आणि मुद्रणात डोलत असेल, तर गुन्हेगार भिंतीतल्या वायरिंगमध्ये आहे.

तपास सोपा आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर पुन्हा एक मिनिट मुद्रण करावे. गुणगुण गेली, तर दोष चार्जर आणि अर्थिंगच्या नात्यात आहे. बहुतेक छोट्या डब्या यूएसबीच्याच विजेवर चालतात, त्यामुळे बॅटरीवर तास-दीड तास निभावते. वीज गेली तरी मुद्रण अडत नाही. हा आपल्याकडे छोटा फायदा नव्हे. जुन्या वाड्यांतून अर्थिंग नावालाच असते, ते वायरमनकडून तपासून घ्यावे. गुणगुण जावी म्हणून तीन पिनांच्या प्लगची वरची पिन काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मुळीच मानू नये. ती पिन जिवाच्या रक्षणासाठी आहे. मायक्रोफोनची वायर तीन पिनांच्या एक्सएलआर टोकांची, संतुलित जातीची घ्यावी आणि ती विजेच्या वायरींना समांतर न नेता आडवी न्यावी.

शांततेच्या मिनिटात पंखा आणि फ्रिज ऐकू येणारच. दोन्ही बंद करावेत. फ्रिज पुन्हा चालू करण्याचे विसरू नये म्हणून ध्वनिमुद्रक मंडळी गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवतात, ही युक्ती घरातल्यांच्या शिव्या वाचवते. शहाबादी फरशी, उघड्या भिंती आणि पत्र्याचे छत असलेल्या खोलीत आवाज घुमतो. गायकाच्या पाठीमागे आणि समोर दोरीवर जाड वाकळा टाकल्या, खाली सतरंजी अंथरली, तर घुमणे पुष्कळ कमी होते. बाहेरच्या आवाजाला मात्र वाकळ आवरू शकत नाही. साताऱ्याकडे पावसाळ्यात पत्र्यावरचा मारा असतो आणि सांगलीकडे ऊसतोडीच्या हंगामात गाणी लावून जाणारे ट्रॅक्टर रात्रभर थांबत नाहीत. पावसाच्या आणि गाळपाच्या मधले महिने, आणि त्यातही पहाटेची वेळ, कामाला बरी.

मायक्रोफोन आणि माणसे

तंबोऱ्यापुढे मायक्रोफोन फूट-दीड फुटावर ठेवावा. तो थेट घोडीवर रोखला तर बोटाचे आणि तारेचे खरखरणे अधिक येते. भोपळा आणि दांडी जुळते त्या बाजूला किंचित वळवला, की जवारीचे सूक्ष्म स्वर आणि भोपळ्याची गोलाई दोन्ही मिळतात. अंतर निम्मे केले की थेट आवाज सुमारे सहा डेसिबलने वाढतो, पण खोलीचा घुमारा तेवढाच राहतो. म्हणून मुद्रणात आवाज लांबचा वाटला, तर गेन वाढवून उपयोग नाही, मायक्रोफोन जवळ न्यावा लागतो.

दोन इनपुटच्या डबीवर एक मायक्रोफोन गायकाला आणि दुसरा तंबोऱ्याला देता येतो. कार्डिऑइड जातीचा मायक्रोफोन पाठीमागून फार कमी ऐकतो. गायकाच्या मायक्रोफोनची पाठ तंबोऱ्याकडे राहील अशी बैठक केली, की दोन्ही आवाज बऱ्यापैकी वेगळे राहतात.

भजनी मंडळाचा प्रश्न वेगळा. वीणा, पेटी, पखवाज आणि आठ-दहा टाळकरी यांना दोन इनपुटमध्ये कसे बसवायचे? प्रत्येकाला वेगळा मायक्रोफोन देणारे मोठे यंत्र घ्यावे, असा सल्ला दुकानात मिळतो. त्यापेक्षा माणसे हलवावीत. १९२५ च्या सुमारास विजेचे मायक्रोफोन आले, त्यापूर्वी सगळे कलावंत एका कर्ण्यासमोर गात-वाजवत असत आणि कुणाचा आवाज किती यायचा हे त्याच्या अंतरावरून ठरे. तोच न्याय इथे लावावा. दोन मायक्रोफोन शेजारी उभे करावेत, बुवा आणि पेटी पुढे, पखवाज एका बाजूला थोडा मागे, टाळकरी खोलीच्या टोकाला. एक अभंग मुद्रित करून सर्वांनी मिळून ऐकावा आणि मग जागा बदलाव्यात. टाळकऱ्यांची समजूत घालणे हे यातले सर्वांत अवघड काम आहे.

उशिरा ऐकू येणारा आवाज

आधी मुद्रित केलेल्या ठेक्यावर किंवा तंबोऱ्यावर गायचे असेल, तर लेटन्सी नावाची अडचण येते. संगणक आवाज तुकड्यातुकड्यांनी हाताळतो. या तुकड्याचा आकार म्हणजे बफर. १०२४ नमुन्यांचा बफर ४४.१ किलोहर्ट्झला २३ मिलिसेकंदांचा होतो आणि जाणे-येणे धरून गायकाला स्वतःचा आवाज त्याच्या दुपटीहून अधिक उशिराने कानी पडतो. हवेतून आवाज एक मीटर जायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात. म्हणजे आपलाच आवाज पंधराएक मीटरवरून ऐकत गाण्यासारखे झाले. विलंबित ख्यालात ते कदाचित निभेल, द्रुत तीनतालात निभत नाही.

यावर डबीवरच उपाय असतो. ‘डायरेक्ट मॉनिटर’चे बटण दाबले, की मायक्रोफोनचा आवाज संगणकाचा वळसा न घेता सरळ हेडफोनवर येतो. त्याच वेळी सॉफ्टवेअरमधील मॉनिटरिंग बंद ठेवावे, नाहीतर तोच आवाज दोनदा ऐकू येतो. एवढे केल्यावर बफर लहान करण्याची धडपड करू नये. तो ५१२ किंवा १०२४ राहू द्यावा, म्हणजे जुना लॅपटॉपही तडतड न करता चालतो. सगळे एकत्र बसून एकदाच गाणार असतील, तर लेटन्सीचा विचारही करायला नको.

मुद्रण झाल्यावर

फाइल वेव्ह स्वरूपातच ठेवावी. ४४.१ किलोहर्ट्झ आणि २४ बिटचे दोन ट्रॅकचे मुद्रण मिनिटाला सुमारे १६ मेगाबाइट, तासाला ९५० मेगाबाइटच्या आसपास जागा घेते. आजच्या मानाने ही जागा नगण्य आहे. एमपीथ्री फक्त नातलगांना पाठवण्यासाठी करावी. फार दाबलेल्या एमपीथ्रीत पहिला बळी जातो तो जवारीच्या वरच्या स्वरांचा.

किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले, १९३७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर तिथल्याच दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन करण्यात आले. १९३० च्या दशकातील त्यांच्या तबकड्यांची एकेक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची आहे. तरीही तो आवाज आपल्यापर्यंत पोहोचला, कारण त्या तबकड्यांच्या प्रती गावोगावच्या घरांत होत्या. एका घरची फुटली तरी दुसऱ्या घरची उरली. आपल्या आजोबांच्या भजनाची प्रत मात्र एकाच लॅपटॉपमध्ये असते. कृष्णेचे पाणी २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये सांगलीच्या वस्तीत शिरले, तेव्हा कपाटाच्या खालच्या कप्प्यातील कॅसेट आणि वह्यांचे काय झाले असेल, हे त्या भागातल्या वाचकांना सांगायला नको. एक प्रत संगणकात, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या नातलगाकडे किंवा इंटरनेटवरील साठवणीत ठेवावी.

आणि रेकॉर्ड सुरू केल्यावर गाण्याआधी स्वतःच्या आवाजात नाव, गाव, तारीख, पट्टी आणि साथीला कोण आहे ते बोलून ठेवावे. फाइलचे नाव बदलते, डिस्कवरचा कागद निघून जातो. आवाजातच असलेली माहिती आवाजाबरोबर राहते.